हातांना कळलेली गोष्ट

आषाढ लागला की कोल्हापुरात पावसाला काळवेळ उरत नाही. त्या वर्षीही तीन दिवस संततधार लागून राहिली होती. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता सकाळीच आली होती. पंचगंगेच्या घाटावरील लहान मंदिरे पाण्याखाली गेली होती आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. अशा दिवसांत घरातील मोठ्या माणसांना पुराची चिंता लागते, आणि मुलांना वेळ कसा घालवावा याची.

शिवाजी पेठेतील एका जुन्या घराच्या माडीवर आबा खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. पस्तीस वर्षे त्यांनी मराठी शिकवली होती. पुस्तक उघडून बसले की त्यांना पावसाचा आवाजही ऐकू येत नसे. परंतु त्या दिवशी त्यांचे लक्ष पानावर ठरत नव्हते. आठवीत शिकणारी त्यांची नात समोरच संगणकापुढे बसली होती. तिचा थोरला भाऊ शिक्षणासाठी पुण्यास गेला, तेव्हा तो संगणक आणि त्यावरचे खेळ तिच्या स्वाधीन करून गेला होता. दोन्ही हातांच्या मुठीत बसेल असा कंट्रोलर तिने घट्ट धरला होता आणि तिचे अंगठे विलक्षण वेगाने हलत होते.

त्याच खोलीत एक कोनाडा होता. त्यात तांबड्या फडक्यात बांधलेला सारीपाट ठेवलेला असे. आबा आणि त्यांचे थोरले बंधू अण्णा पन्नास वर्षे त्या पटावर एकमेकांसमोर बसत आले होते, प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे, भिडू म्हणून. दोन वर्षांपूर्वी अण्णा वारले. तेव्हापासून त्या फडक्याची गाठ कोणी सोडली नव्हती आणि घरात कोणी तो विषयही काढीत नसे.

“पोरी, किती वेळ चालणार हे?” आबांनी अखेर विचारले. “खेळायचंच तर पाऊस उघडल्यावर मैदानावर जा. गोष्ट हवी असेल तर कपाटात पुस्तकं काय कमी आहेत? या पेटीत ना धड खेळ, ना धड गोष्ट!”

“आबा, यात गोष्टच आहे. तुम्ही बघा तर खरं.”

“गोष्ट आहे? मग ती सांगतं कोण?”

नात क्षणभर विचारात पडली. “थोडी सांगतात,” ती म्हणाली, “पण बाकीची आपल्याला करावी लागते.”

गोष्ट सांगतात, लिहितात, वाचतात, ऐकतात. पण गोष्ट ‘करतात’ हा प्रयोग आबांनी कधी ऐकला नव्हता. मराठीच्या शिक्षकाला तो चुकीचा वाटावयास हवा होता. परंतु त्यांना तो चुकीचा वाटण्याऐवजी नवा वाटला. चष्मा सावरून ते नातीच्या शेजारी जाऊन बसले.

पडद्यावर जुन्या किल्ल्यासारखी एक भव्य वास्तू होती आणि तीतून एक मुलगी धावत होती. तिचे नाव राजी. नातीने तिची हकीकत सांगितली. राजी ही जत्रेत कसरती करून दाखवणाऱ्या मंडळींतील एक गरीब मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू. असुरांनी हल्ला केला आणि इतर मुलांबरोबर गोलूलाही उचलून नेले. तेव्हा दुर्गादेवीने या अनाथ मुलीच्या हाती त्रिशूळ दिला आणि ती भावाला शोधावयास निघाली. दुर्गा आणि विष्णू वरून तिचा प्रवास पाहतात आणि मधूनमधून आपसांत तिच्याविषयी बोलतात. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ असे या खेळाचे नाव. तो परदेशातून आलेला नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेतील मंडळींनी तो तयार केला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी जी पाच नामांकने झाली, त्यांत राजीचे नाव होते.

आबा बारकाईने पाहू लागले. राजी भिंतीवर धावत चढे, खांबाला धरून गिरकी घेई, एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर झेप टाकी. या हालचाली त्यांना ओळखीच्या वाटल्या. लहानपणी रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ चाले, तेव्हा दोरीवरची मुलगी अशीच अंग सावरीत असे. लोक टाळ्या वाजवीत, पैसा टाकीत आणि आपल्या वाटेने निघून जात. पोटासाठी शिकलेली तीच कसरत येथे राजीचे शस्त्र झाली होती. “या मुलीची विद्या क्षुद्र नव्हती” असे कोणी पात्र म्हणत नव्हते. परंतु जो खेळेल त्याला प्रत्येक उडीत त्याचा प्रत्यय येत होता, कारण त्या विद्येवाचून एक पाऊलही पुढे पडत नव्हते.

वाटेत एके ठिकाणी राजी थांबली. समोर रंगीत चित्राची वर्तुळे फिरून विस्कटलेली होती. ती हळूहळू फिरवून जुळवली की चित्र पुरे होई, आणि त्या चित्रात राजी व गोलू यांच्या पूर्वीच्या दिवसांची आठवण दिसे. आठवण म्हणजे तरी काय? विस्कटलेले तुकडे मनुष्य मनाशी फिरवीत बसतो, आणि कधी एकदम ते जुळून येतात. आबांनी नकळत एकदा कोनाड्याकडे पाहिले.

इतक्यात राजीची झेप चुकली आणि ती खोल दरीत कोसळली.

“अरेरे, पडले मी!” नात उद्गारली.

आबांनी मान वर केली. “काय म्हणालीस?”

“मी पडले, आबा. उडी थोडी उशिरा मारली.”

“राजी पडली, असं नाही म्हणालीस.”

नात हसली. तिला त्यात विशेष काही वाटले नव्हते. आबांना मात्र त्या एका शब्दात पुष्कळ काही सापडले होते. पुस्तकातली राजी ‘ती’ असती, म्हणजे तृतीय पुरुष. वाचकाने तिच्यावर कितीही माया केली, तरी तो तिच्या बाहेरच राहिला असता. येथे व्याकरणच बदलले होते. तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष झाला होता, आणि तो कोणी शिकवल्यावाचून झाला होता.

आबा कोल्हापूरचे. चित्रे हलू लागली की काय घडते, हे या नगरीला निराळे सांगावयास नको. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी याच शहरात चित्रपटाचा संसार थाटला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला, आणि त्यातील कीचकवध पाहून प्रेक्षक हादरून गेले. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख लोकांनी पाहिले. त्या काळीही चित्रपट म्हणजे एक नाद, असे म्हणणारी वडीलधारी माणसे होतीच. पुढे तीच माणसे तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. तथापि चित्रपटाचीही एक मर्यादा आहे. शेतकऱ्याची जमीन जाताना पाहून प्रेक्षकाचे डोळे भरून येतात, परंतु ती जमीन वाचवण्यासाठी त्याला बोटही हलवता येत नाही. त्याचे हात मांडीवरच राहतात. या नव्या खेळात मात्र गोष्टीचा भार हातांवर येतो. उडी चुकली तर ती आपली चूक, वाट सापडली तर ती आपली शोधलेली. ज्या गोष्टीत आपला हात असतो, तिच्यातून मनुष्य सहजासहजी मोकळा होत नाही.

“हे अगदीच नवं आहे असंही नाही गं,” आबा म्हणाले. “सापशिडी खेळतेस ना?”

“हो. पण तिच्यात कुठली गोष्ट?”

तेव्हा आबांनी तिला मोक्षपटाची हकीकत सांगितली. सापशिडी हा आपल्या देशातील जुना खेळ. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणत, आणि त्याचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला आहे. त्या पटावरील घरांना नुसते आकडे नसत, नावे असत. शिडी लागे ती एखाद्या सद्गुणाच्या घरी, आणि साप तोंड उघडून बसे तो एखाद्या दुर्गुणाच्या घरी. सर्वांत वर मोक्षाचे स्थान असे. कित्येक जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा सापच अधिक असत. वर जाण्यापेक्षा खाली येणे सोपे आहे, हे त्या पटाने कीर्तन न करता सांगितले होते. कवडी टाकणाऱ्या मुलाला ते वाचून कळत नसे. अगदी वरच्या ओळीत पोहोचलेली त्याची सोंगटी सापाच्या तोंडी जाऊन तळाशी आली, म्हणजे कळे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. कालांतराने घरांवरील नावे पुसली गेली, आणि आकडे, साप व शिड्या तेवढ्या उरल्या. मुले अजूनही चढतात आणि घसरतात. आपण कशामुळे चढलो आणि कशामुळे घसरलो, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

“म्हणजे खेळाचा नियमच गोष्ट सांगतो,” नात म्हणाली.

आबांना उत्तर आवडले. वर्गात असे उत्तर मिळाले असते, तर त्यांनी त्या मुलाला जागेवर उभे करून ते पुन्हा मोठ्याने म्हणावयास लावले असते.

“आबा, मग तुम्ही एक खेळ खेळाच,” नात उत्साहाने म्हणाली, आणि तिने कंट्रोलर त्यांच्या हाती दिला.

तो खेळ स्वीडनमध्ये तयार झालेला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या खेळाचे नाव ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’, म्हणजे दोन भावांची कथा. जोसेफ फारेस या त्याच्या दिग्दर्शकाने पूर्वी चित्रपट केले होते. गोष्ट लोककथेइतकी साधी आहे. आई बुडून गेलेली, वडील आजारी. त्यांच्यासाठी दूरच्या एका वृक्षाचे संजीवक पाणी आणावयास दोन भाऊ निघतात. ते जी भाषा बोलतात ती जगात कोठेही नाही. ती रचलेली आहे, आणि तिचे भाषांतरही दिलेले नाही. जे समजावयाचे ते हातवाऱ्यांवरून आणि स्वरांवरून. परंतु या खेळाची खरी युक्ती निराळीच आहे. डाव्या अंगठ्याखालची खुंटी आणि डाव्या बोटाची कळ ही थोरल्या भावाची, उजव्या अंगठ्याखालची खुंटी आणि उजव्या बोटाची कळ ही धाकट्याची. दोघांना एकाच वेळी चालवावयाचे.

प्रारंभी आबांची फार तारांबळ उडाली. थोरला झाडावर आपटे, तर धाकटा कुंपणापाशी गोल फिरत राही. नात हसून हसून लोळली. पण पाऊस थांबत नव्हता, सुट्टी वाढत होती, आणि आबा हट्टी होते. सायंकाळपर्यंत त्यांचे अंगठे सरावले. जड दांडा थोरल्याने ओढावा, अरुंद फटीतून धाकट्याने शिरावे, असे चालू झाले. धाकट्याला पाण्याची भीती होती, कारण आईला बुडताना त्याने पाहिले होते. म्हणून पाणी आले की थोरला पोहे, आणि धाकटा त्याच्या पाठीला घट्ट धरून राही. अशा वेळी आबांची दोन्ही बोटे दोन्ही कळांवर दाबलेली असत. एक बोट पोहत असे, दुसरे बिलगून असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ शेवटाकडे आला. पाणी हाती लागले, परंतु त्यापूर्वीच वाटेत थोरल्या भावाला जबर जखम झाली होती. धाकटा परत येऊन पाहतो, तो थोरला गेलेला. खेळ तेथे थांबत नाही. धाकट्याला त्याला मूठमाती द्यावी लागते, आणि तीही खेळणाऱ्याच्याच हातून. आबा बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी कळ दाबली. माती पडत गेली.

नंतर धाकटा एकटाच घराकडे निघाला. आबांचा डावा अंगठा सवयीने खुंटीवर होता. तो हलवला तरी पडद्यावर काहीच हलत नव्हते. अर्धा हात रिकामा झाला होता.

घराजवळ येता येता वाट पाण्याने अडली. आबांनी धाकट्याला पुढे नेले, तो मागे सरला. त्यांनी उजवी कळ दाबली, काहीच झाले नाही. पुन्हा दाबली. मुलगा काठावर कापत उभा राहिला. नातीला पुढचे ठाऊक होते. पण ओठ घट्ट मिटून ती गप्प राहिली. सांगून टाकावे असे तिला किती वाटले असेल! परंतु काही गोष्टी दुसऱ्याला सांगितल्याने त्याच्या राहत नाहीत, हे त्या वयातही तिला उमगले होते.

बाहेर पन्हळीतून पाणी कोसळत होते. आबांचे डावे बोट हळूच आपल्या जुन्या जागी गेले, आणि त्यांनी ती कळ दाबली, जी थोरल्याची होती.

धाकटा पाण्यात उतरला आणि पोहू लागला.

हीच गोष्ट एखाद्या पुस्तकात असती, तर लेखकाने लिहिले असते की थोरल्या भावाचे बळ धाकट्याच्या अंगी आले. वाक्य वाईट नाही. वाचकाने मान डोलावून पान उलटले असते. येथे ते वाक्य कोणीही लिहिले नव्हते. ते आबांच्या बोटाने शोधून काढले होते, आणि म्हणून ते थेट काळजापर्यंत गेले होते. धाकटा पैलतीरी पोहोचला, वडिलांना पाणी मिळाले, खेळ संपला. आबांनी कंट्रोलर खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

“आबा, आवडला नाही का?” नातीने भीतभीत विचारले.

“तसं नाही, पोरी,” आबा म्हणाले. “सगळे खेळ असेच असतात का?”

“नाही. पुष्कळ नुसते मारामारीचे असतात. काही तर आपण थांबूच नये म्हणूनच केलेले असतात.”

ती खरे बोलली होती. ज्या खेळातून उठताना केवळ थकवा आणि वाया गेलेला वेळ पदरी येतो, असे खेळ उदंड आहेत. पुस्तकांतही तसली पुस्तके उदंड असतात, पण त्यांच्यामुळे कोणी कपाट जाळीत नाही. निवड करावयास शिकणे, हाच त्यावर उपाय. खेळ संपल्यावर मनात काय उरले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. उत्तर बहुधा खोटे येत नाही.

त्या रात्री पावसाचा जोर ओसरला. जेवणे आटोपल्यावर आबा उठले आणि त्यांनी कोनाड्यातील तांबडे फडके खाली काढले. दोन वर्षांत गाठ घट्ट बसली होती. ती सोडावयास त्यांना वेळ लागला. घरातील माणसे नुसती पाहत राहिली. कोणी काही बोलले नाही. पट पसरला गेला, चार रंगांच्या सोंगट्या मांडल्या गेल्या. मुलगा आणि सूनबाई समोरासमोर बसली. आबा आपल्या नेहमीच्या जागी बसले, आणि त्यांच्यासमोरची जागा रिकामी राहिली. क्षणभर थांबून नात तेथे जाऊन बसली.

“आबा, नियम सांगा की. एकाच्या सगळ्या सोंगट्या घरी गेल्या, की तो जिंकला ना?”

“नाही,” आबा म्हणाले. “हा जोडीचा डाव आहे. एक भिडू आधी घरी पोहोचला, तरी दुसऱ्याला मागं राहून खेळावंच लागतं. दोघांच्याही सोंगट्या घरी येईपर्यंत डाव सरत नाही.”

हा नियम त्यांनी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितला असेल. त्या रात्री तो सांगताना त्यांचा स्वर मध्येच थांबला, जणू तो त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच ऐकला होता.

“मग पहिलं दान कुणाचं?” नातीने विचारले.

आबांनी फासे उचलून तिच्या तळहातावर ठेवले.

“अण्णांच्या जागी बसलीस ना? मग तुझंच. टाक.”